शेवटच्या कडव्यातलं नाव

माझे धाकटे दीर गुंडेराव यांनी माझ्या हातची भाकरी साडेपाच वर्षं खाल्ली नाही. अंगण एकच, विहिरीचा पोहरा एकच, पण चुली दोन. संध्याकाळी ते आपल्या चुलीवर भाकरी करपवायचे आणि करपल्याचा धूर मुद्दाम आमच्या दाराकडे जावा म्हणून सुपानं वारा घालायचे. मी रोज सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणते आणि मग वहीत त्या दिवसाचं चार ओळींत लिहिते. त्या साडेपाच वर्षांच्या वह्यांत कितीतरी पानांवर एवढंच आहे: आज धूर झाला.

त्यांचं वागणं गोड नव्हतं, हे आधीच सांगते. अंगानं काटक, चेहऱ्यावर लहानपणी आलेल्या देवीचे व्रण, आणि जीभ छिन्नीसारखी. कामही छिन्नीचंच. शहाबादकडच्या फरशीच्या खाणीत ते सहा-सहा महिने राहायचे, आणि दगडावर छिन्नी पडते त्या ठेक्यात त्यांना गाणी सुचायची. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, पार्टी हायच की, एका घरात दोन बायका कशाला.

पार्टी म्हणजे गायन पार्टी. आमच्या निंबर्ग्याच्या वस्तीनं सत्तावन साली दीक्षा घेतली, घरोघरचे देवांचे टाक विहिरीत बुडवले, आणि त्यानंतर बाबासाहेबांची नि बुद्धांची गाणी म्हणणाऱ्या पार्ट्या गावोगाव उभ्या राहिल्या. सहासष्ट साली गुंडेराव आणि आमच्या गल्लीतला रामकिशन या दोघांनी पंचशील गायन पार्टी काढली. गाणी रचायचे गुंडेराव. पेटी वाजवून गायचा रामकिशन. त्याचा गळा असा की गुलबर्ग्याच्या उरुसातली कव्वाली एकदा ऐकली की तिची चाल तो जशीच्या तशी घरी घेऊन यायचा. ढोलकीला माझे मालक, नागनाथ. कोरसला गल्लीतली चार माणसं.

गुंडेरावांना अक्षर येत नव्हतं. खाणीतून आले की उंबऱ्यावर बसायचे आणि म्हणायचे, "वैनी, लिवा." मी पाचवी शिकलेली. वहीच्या मागच्या बाजूनं गाणी उतरून घ्यायची. कडवं जुळलं नाही तर सगळा राग माझ्यावर काढायचे, जणू काही माझ्या पेन्सिलीनंच मात्रा खाल्ली. पण शेवटचं कडवं ते नेहमी सावकाश सांगायचे. आमच्यात रीत अशी की शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. ‘गुंडेराव म्हणे’ असं आलं की गाणं कुणाचं ते ठरलं. त्याला दुसरा कागद लागत नाही.

सात वर्षं पार्टी चांगली चालली. कोहिनूर, आळंद, पार बसवकल्याणच्या पलीकडच्या खेड्यांपर्यंत बोलावणी यायची. माझ्या सासूबाई वच्छलाबाई आणि रामकिशनची आई सुमनबाई या दोघींचं तर सख्ख्या बहिणींसारखं होतं. एकीच्या घरी कालवण झालं की दुसरीकडे वाटी जायची.

मग त्र्याहत्तर साली एका जयंतीचं हँडबिल छापून आलं. त्यावर ठळक अक्षरांत ‘रामकिशन आणि पार्टी’. गुंडेरावांचं नाव नव्हतंच. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. दोनदा. मग उठले आणि रामकिशनच्या घरी गेले. तो पेटीवर बसला होता. त्यांनी पेटीचं झाकण त्याच्या बोटांवर आपटलं. रामकिशनच्या मधल्या बोटाचं नख काळं पडून गळालं, आणि नवं आलं ते वाकडंच आलं.

त्या दिवसापासून पार्ट्या दोन झाल्या. रामकिशननं आपली वेगळी पार्टी केली आणि गुंडेरावांची गाणी मात्र सोडली नाहीत. सगळी त्याला पाठ. फक्त शेवटच्या कडव्यात तो ‘गुंडेराव म्हणे’च्या जागी ‘रामकिशन म्हणे’ म्हणायचा. एक ठेका जरासा ओढला की नाव बरोबर बसायचं. आमच्या अंगणापर्यंत त्याच्या भोंग्याचा आवाज यायचा, आणि ते कडवं आलं की गुंडेराव हातातलं काम टाकून भिंतीकडे तोंड करून बसायचे. त्रेचाळीस गाणी होती. एका खेड्यात तर लोकांनी गुंडेरावांनाच विचारलं, तुम्ही रामकिशनची गाणी कामून म्हणायलाव?

पाच वर्षं नुसती चिखलफेक चालली. रामकिशन माईकवरून म्हणायचा की काही लोकांच्या तोंडाची चाळणी झालीय, म्हणून त्यातून सूर गळायलाय. गुंडेराव इकडून म्हणायचे की आमच्या एका जुन्या सोबत्याला गळा मोठा हाय, फक्त त्याच्या वरचा मजला बांधायचा राहून गेला. लोक हसायचे. लोकांना तेच पाहिजे असायचं. दोन्ही मायांनी वाट्या पाठवणं बंद केलं, पण विहिरीवर कुणी नसलं की बोलायच्या.

त्या रागात गुंडेरावांनी माझ्या मालकांनाही सोडलं नाही. आळंदच्या कार्यक्रमात ठेका एकदा चुकला, तर भर माईकवर म्हणाले, "नागनाथ, ढोलकी वाजवायलास का भाकऱ्या थापायलास?" आणि दुसऱ्या महिन्यात सावळगीचा एक ढोलकीवाला आणून बसवला. माझ्या मालकांनी ढोलकी खुंटीला अडकवली. तिला दर पौर्णिमेला फडक्यानं पुसायचे, वाजवायचे नाहीत. मी मैत्री भावना रोज म्हणत होते, सगळ्यांचं भलं होवो म्हणत होते, आणि सगळ्यांत गुंडेराव धरायचे की नाही एवढंच मला ठरवता येत नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर साली वस्तीतल्या जाणत्यांनी कंटाळून ठरवलं की एकदाचा दुरंगी सामना होऊ द्या. समोरासमोर दोन पार्ट्या, गाण्यातून सवाल आणि त्याच चालीत जवाब. जागा कडगंची, दिवस वैशाख पौर्णिमा, वेळ सकाळची, कारण रात्रीच्या सामन्यांत दारू आणि दगड दोन्ही यायचे. पंच म्हणून हावगेप्पा मास्तर. ते लिंगायत, बसवण्णांना मानणारे, कन्नड आणि मराठी दोन्हींत वृत्तं जाणणारे, आणि दोन्ही पार्ट्यांना सारखेच नावडते. म्हणून सगळ्यांना पसंत पडले. पैज अशी लागली: गुंडेराव जिंकले तर रामकिशननं ती त्रेचाळीस गाणी गुंडेरावांच्या नावानंच म्हणायची, नाहीतर सोडून द्यायची. रामकिशन जिंकला तर गाणी त्याची. गुंडेरावांनी पुन्हा त्यावर बोलायचं नाही.

सामन्याचा एक नियम जुना आहे. सवाल करणाऱ्याला आपल्या सवालाचा जवाब ठाऊक पाहिजे. म्हणून शेवटच्या सवालाचा जवाब सामन्याआधी चिठ्ठीत लिहून पंचांच्या हाती द्यायचा. समोरच्याला जवाब आला नाही तर तो हरला. पण चिठ्ठीतला जवाबच खोटा निघाला तर सवाल करणारा तिथल्या तिथं हरला, मग आधी कितीही सरशी असो.

पौर्णिमेला पहाटे गुंडेराव माझ्याकडे कागद घेऊन आले. "वैनी, चिठ्ठी लिवा." मी विचारलं, सवाल काय आहे. त्यांनी गुणगुणून दाखवला:

*बावीस प्रतिज्ञा घेतल्या, विहिरीत देव बुडवले,*
*सांग गड्या, कुणाच्या कणगीत कुणी मरीआईला दडवले?*

आणि जवाब लिहायचा होता, रामकिशनची आई सुमनबाई.

पार्टी एक होती तेव्हा सुगीत सुमनबाईची कणगी भरायला गुंडेराव गेले होते. तळाशी फडक्यात बांधलेला मरीआईचा चांदीचा टाक त्यांच्या हाताला लागला. सुमनबाई घाबरली, कुणाला सांगू नको म्हणून पाया पडली. दीक्षा घेतलेल्या घरात देवी सापडणं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पंगतीत पाणी मिळत नाही. गुंडेरावांनी ती गोष्ट माझ्याशिवाय कुणाला न सांगता नऊ वर्षं जपली होती. दया म्हणून जपली असं मला आधी वाटायचं.

मी चिठ्ठी लिहिली, घडी घालून दिली. ते आंघोळीला गेले तशा सासूबाई चुलीपाशी आल्या आणि माझं मनगट धरलं. त्यांनी सवाल ऐकला होता. त्या जे बोलल्या ते असं: तो टाक सुमनबाईचा नव्हता, त्यांचाच होता. त्यांची तीन लेकरं देवीच्या आजारानं गेली. मग धाकट्या गुंडेरावांनाही देवी आल्या, आणि त्यात ते वाचले. त्यानंतर दीक्षा झाली, बाकीचे देव त्यांनी आपल्या हातानं विहिरीत टाकले, पण मरीआईला टाकताना हात उचलला नाही. हिला बुडवलं आणि पोराला पुन्हा काही झालं तर, एवढंच मनात आलं. घरात ठेवावी तर थोरला लेक, म्हणजे माझे मालक, कोपरान् कोपरा तपासत होता. म्हणून सुमनबाईच्या कणगीत. तिनं एकवीस वर्षं ती सांभाळली, स्वतःच्या लेकाशिवाय कुणाला सांगितलं नाही.

मी म्हटलं, तुम्ही सांगा भाऊजींना, आत्ताच्या आत्ता.

त्या म्हणाल्या, "माझ्यानं न्हाई व्हायचं. तू सांग."

मी सांगितलं नाही. भाऊजी ओले केस झटकत आले, चिठ्ठी टोपीत खोचली, मला म्हणाले की नागनाथला सांगा, आज बाईमाणसांत बसून तरी टाळ्या वाजव म्हणावं, ठेक्यात. एवढं ऐकल्यावर माझी जीभ आणखीच आत गेली. खोटं बोलू नये असं शील आहे. गप्प बसू नये असं शील नाही, अशी मी माझी समजूत घातली. त्या दिवशीच्या वहीत मी पंचशील लिहिलंय आणि पुढे काही नाही.

कडगंचीला आम्ही बैलगाड्यांनी गेलो. मंडपाला पांढरं कापड, ऊन त्यातूनही येत होतं. बायका डाव्या अंगाला. सासूबाई आणि सुमनबाई शेजारी बसल्या नाहीत, पण समोरासमोर येतील अशा बसल्या.

गुंडेराव त्या दिवशी भारी होते. खरं ते सांगितलं पाहिजे. पाच सवाल झाले, त्यात रामकिशन दोनदा अडखळला. हावगेप्पा मास्तरांची घंटा दोनदा त्याच्यावर वाजली. त्याच्या कपाळावरचा घाम पेटीवर पडत होता. मग गुंडेराव पुढे आले, बायकांच्या बाजूला एकदा बघितलं आणि शेवटचा सवाल टाकला.

सवाल देवादिकांचा नव्हता, घरातला होता, आणि प्रत्येक घराला आपापली कणगी आठवली असणार. सुमनबाईनं पदर तोंडावर घेतला. तिच्या शेजारच्या बाया जराशा सरकल्या. मी ते सरकणं पाहिलं. रामकिशननं आईकडे बघितलं, मग गुंडेरावांकडे. मला वाटलं तो आता अंगावर धावून येणार. तो खाली बसला, वाकड्या नखाचं बोट पेटीवर ठेवलं आणि त्याच चालीत, अगदी सावकाश म्हणाला:

*कणगी माझ्या मायची खरी, खरं न्हाई आम्ही दडवले,*
*तुझ्याच मायनं तुझ्यापायी तिथं देवीला बसवले.*

गुंडेराव हसले. माईक धरून म्हणाले, "मास्तर, चिठ्ठी उघडा. मार बसला की हा आता दुसऱ्याच्या मायवर गेला."

हावगेप्पा मास्तरांनी चिठ्ठी उघडली, वाचली. नाव त्यांनी मोठ्यानं घेतलं नाही. बायकांकडे वळून त्यांनी विचारलं की वच्छलाअक्का, हे कसं आहे, तुम्ही सांगाल का.

सासूबाई उठल्या. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. "देवी माझी हाय," त्या म्हणाल्या. "सुमनचा काय बी गुन्हा न्हाई. हे पोरगं जगावं म्हणून म्याच ठिवली होती."

त्यांनी बोट केलं ते गुंडेरावांच्या तोंडाकडे, त्या व्रणांकडे. मागून कुणीतरी खी करून हसलं. हावगेप्पा मास्तरांनी घंटा वाजवली नाही, नुसती उचलून पालथी ठेवली.

परतताना गुंडेराव गाडीत बसले नाहीत. चालत आले, आमच्यानंतर बऱ्याच वेळानं. मी दारात होते. त्यांनी एकच विचारलं, "चिठ्ठी लिवताना तुमाला ठाऊक होतं?"

लिहिताना नव्हतं. पण पुढचा सवाल मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होता. मी म्हटलं, लिहिल्यावर कळलं. तुम्ही निघायच्या आधी.

ते वळले, माझ्या चुलीपुढचं आपलं ताट उचललं आणि पलीकडे गेले. त्या दिवसापासून धूर.

दुसऱ्या सकाळी सुमनबाई आली आणि तो टाक आमच्या अंगणात फेकून गेली. जाताना म्हणाली, घ्या तुमची देवी, माझ्या ज्वारीला जागा पुरंना झालीय. एकवीस वर्षं जिनं तोंड उघडलं नाही तिच्या घरी पुढे चार महिने कुणी पाणी प्यालं नाही, गुन्हा नसताना, नुसत्या त्या एका सवालामुळं. तिनं सासूबाईंशीही पुन्हा बोलणं केलं नाही. सासूबाईंनी टाक उचलला, विहिरीवर नेला आणि सोडून दिला. मी मागे उभी होते. आता पोराला मोठं व्हायचं राहिलं न्हाई, असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

गुंडेराव आईशी बोलले नाहीत. आई त्यांच्या दारात जाऊन बसायची, ते फरशीकडे बघत बसायचे. पार्टी मोडली. सावळगीचा ढोलकीवाला रामकिशनकडे गेला. त्रेचाळीस गाणी आता पैजेच्या कायद्यानं रामकिशनची झाली, आणि तो ती अंगणाकडे भोंगा करून म्हणायचा. मला गुंडेरावांची कीव यायला हवी होती. यायची नाही. खुंटीवरची ढोलकी दिसायची.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. पुण्यानुमोदनाला वस्तीच्या रिवाजानं पार्टी बोलवायची, आणि पार्टी म्हणजे रामकिशनचीच उरलेली. तो आला. बसला आणि आईच्या मायेवरचं गाणं म्हणाला, जे गुंडेरावांनी सत्तर साली माझ्याच उंबऱ्यावर रचलं होतं. शेवटच्या कडव्यात ‘रामकिशन म्हणे’. त्याचा हक्क होता. गुंडेराव आईच्या फोटोपुढून उठले, चप्पल न घालता खाणीकडे निघून गेले.

दीड महिन्यानं एका दुपारी मी जोंधळे निवडत होते. उंबऱ्यावर सावली पडली. ते बसले. साडेपाच वर्षांनी पहिला शब्द: "वैनी, लिवा."

मी वही आणली. त्या वहीच्या मागच्या बाजूला अठ्ठ्याहत्तर सालापासून एक ओळ नव्हती. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मला पहिल्यांदा कळलं की ह्या वेळी ते शेवटच्या कडव्यापासून मागे आलेत. प्रत्येक कडवं एकाच यमकावर पडत होतं, गाव, घाव, डाव, नाव. सगळं गाणं त्या एका जागेकडे चाललं होतं. त्यातल्या चार ओळी देते:

*तोंडावरचे व्रण मोजले, दिसला न्हाई तिचा घाव,*
*भर मंडपी उभी केली माय, बघत बसला सारा गाव.*
*नाव मिळवाया निघालो होतो, मायचं घालवलं नाव,*
*कोण असला लेक विचारतील, सांगा त्याला गुंडेराव.*

लिहून झाल्यावर मी ताट वाढलं. ते जेवले. मग उठून आत गेले, खुंटीवरची ढोलकी काढली आणि माझ्या मालकांच्या मांडीवर ठेवली. माफी वगैरे मागितली नाही. वर म्हणाले, "आता तरी हात हलका ठेव."

चौऱ्याऐंशीच्या वैशाख पौर्णिमेला दोघा भावांनी ते गाणं आमच्याच अंगणात म्हटलं. गळा काही बरा नव्हता. पण महिन्याभरात ते कडगंचीला गेलं, कोहिनूरला गेलं, बायका जात्यावर म्हणू लागल्या. लोक रामकिशनच्या कार्यक्रमात त्याची फर्माईश करू लागले. पहिले दोन महिने त्यानं टाळलं. मग एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, गल्लीच्या टोकाला मडिवाळप्पा शेटच्या दुकानापुढे त्याचा भोंगा लागला, आणि माझी भाकरी तव्यावर असताना ते गाणं सुरू झालं.

गाव आला, घाव आला. आम्ही तिघंही ऐकत होतो. शेवटचं कडवं आलं तसा ठेका नुसताच घुमत राहिला. एकदा, दोनदा. तिथं ‘रामकिशन’ बसत नव्हता, कितीही ओढला तरी. आणि बसवला असता तरी आईला भर मंडपात उभी करणारा लेक म्हणून तो कसा बसवणार. लोक ओरडायला लागले, म्हण की, पुढं म्हण. मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले.

मग त्या गळ्यानं, जो अजूनही गुंडेरावांपेक्षा दहापट चांगला होता, अकरा वर्षांत पहिल्यांदा ते नाव घेतलं. दात चावून घेतलं, पण घेतलं. त्याच्या मागून पेटीचं झाकण आपटल्याचा आवाज भोंग्यातून सगळ्या गल्लीभर आला.

"पेटी मोडंल त्याची," गुंडेराव म्हणाले.

ते दोघे अजूनही एकमेकांशी बोलत नाहीत. रस्त्यात समोर आले तर रामकिशन वाकड्या नखाचा हात खिशात घालतो आणि गुंडेराव थुंकतात. त्या संध्याकाळी त्यांनी ताट पुढे सरकवलं आणि दुसरी भाकरी मागितली. ती जरा करपली होती. त्यांनी उलटून पाहिली आणि खाल्ली.